बाईंचे मैल

“म्हणजे लाखभर मैल पाण्यात गेले की हो!” चांदूरकर काकांनी कपाळावर हात मारून घेतला. “बाई, चार वेळा सातासमुद्रापार जाऊन आल्या तुम्ही, आणि एकाही विमान कंपनीत खातं नाही? एक पॉइंट नाही? काय म्हणावं बाप्पा याला!”

“मले कोणी सांगितलंच नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पडला.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई. घरात सगळे त्यांना बाईच म्हणत, पोटची पोरंसुद्धा. माहेर काटोलकडचं, संत्र्याच्या बागांतलं. घरात पेट्या भरलेल्या असल्या तरी डागी संत्रं आधी खायचं, या शिस्तीत त्या वाढलेल्या. कालची पोळी, वरणाचा तळ, साबणाची चिपटी, काहीही वाया गेलेलं त्यांना खपत नसे. त्यामुळे हे मैल म्हणजे काय प्रकरण आहे ते कळायच्या आधीच त्यांना ते वाया गेल्याचं दुःख झालं.

चांदूरकर काका आमच्या प्रतापनगरच्या गल्लीतले, एजी ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीतून निवृत्त झालेले. स्वतः विमानात बसले होते जेमतेम तीनदा, पण पाकिटात चार कंपन्यांची कार्डं बाळगून होते. कोणाच्या घरी कोणी परदेशी जाणार असं नुसतं कानावर आलं, की काका चहाच्या वेळी हजर. त्या रविवारी सकाळी ते असेच आले होते. गणपती होऊन गेले होते, दिवाळी यायची होती, आणि आमच्या घरात एकाच प्रश्नाचा घोळ चालला होता: बाई या वर्षी जाणार की नाही?

थोडं सांगायला हवं. बाईंना तीन मुलं. थोरले राजेंद्र भाऊजी बायको केतकी आणि मुलांसह टोरांटोला, धाकटी नीलिमा मेलबर्नला, आणि मधला माझा नवरा नरेश नागपुरातच. बाईंची सोय अशी लावलेली होती की एक वर्ष पश्चिमेला जायचं, एक वर्ष पूर्वेला, दर खेपेला सहा महिने, आणि उरलेला काळ आमच्याकडे. पण मे महिन्यात मेलबर्नहून परत आल्या तेव्हा विमानतळावरच त्या म्हणाल्या होत्या, “आता बस झालं. आता मी कुठंच जात नाही.”

नरेश हसला होता. मी हसले नव्हते.

खरं सांगायचं तर ते ऐकून मी मनातल्या मनात पुढचे महिने मोजू लागले होते. मी सकाळच्या शाळेत गणित शिकवायची. पहाटे उठून डबे, मग शाळा, दुपारी घर, संध्याकाळी शिकवण्या. नरेश औषध कंपनीत, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर. मुलगा शिकायला पुण्यात. हे सगळं निभलं असतं. निभत नव्हती ती रात्र. बाईंना साखर, गुडघे गेलेले, रात्री दोन-तीन वेळा उठावं लागे, आणि एकटीनं उठायची भीती वाटे. हाक मलाच. “वैजू!” एवढीच. मी उठायची, त्यांना न्यायची, आणायची, पाणी द्यायची, पांघरूण नीट करायची आणि मग घड्याळाकडे बघत पडून राहायची. रात्रीसाठी एक आया ठेवून पाहिली. बाईंनी तिला दोन दिवसांत वाटेला लावलं. परक्या हाताला धरून जायची त्यांना शरम वाटे.

मला बाईंचा कंटाळा नव्हता. त्यांच्या बडबडीची, त्यांच्या टोमण्यांची मला सवय झाली होती; त्या नसल्या की स्वयंपाकघर मुकं वाटे. पण मी दमले होते. हाडापर्यंत दमले होते. त्या परदेशी गेल्या की ते सहा महिने मी नुसती झोपून काढत असे, आणि पुढच्या वर्षाची बेगमी करत असे. या वर्षी त्या गेल्या नाहीत तर माझं काय होईल, याची मला खरोखरच भीती वाटत होती.

“तर मुद्दा असा,” काका म्हणाले. त्यांनी चहाची बशी बाजूला सारली आणि टेबलावर बोटानं दोन गोल काढले. “जो माणूस महिन्याला विमानात बसतो त्याची गोष्ट वेगळी. त्यानं कुठंही खातं काढावं, फुकट तिकिटापुरते मैल साठतातच. पण आपल्यासारखा, वर्षा-दोन वर्षांत एकदा जाणारा, त्यानं एकच घर धरावं. एक खेप या कंपनीनं, दुसरी त्या कंपनीनं, असं केलं की दोन्हीकडे थोडे थोडे साठतात आणि कशालाच पुरत नाहीत. शिवाय मुदत असते. तीन वर्षांत वापरा, नाहीतर गेले. दोन घरचा पाहुणा उपाशी!”

“ते तं आहेच,” बाई हळूच म्हणाल्या.

“मग कोणतं घर धरायचं?” मी विचारलं.

“पुढच्या खेपा जिकडे जास्त, ते. टोरांटो असेल तर पश्चिमेकडची कंपनी, मेलबर्न असेल तर पूर्वेकडची.”

“दोन्हीकडे जाणारी एखादी नाही का?”

“आखातातल्या आहेत ना. पण त्यांच्यानं मेलबर्नला जायचं म्हणजे आधी उलट्या दिशेला जायचं. रायपूरला जायला मुंबईची गाडी धरण्यासारखं. बाईंचे पाय किती सुजतील, विचार करा.”

तेवढ्यात लॅपटॉप वाजू लागला. रविवारी सकाळी दोन्ही पोरं एकदम स्काइपवर येत. टोरांटोत रात्र झालेली असे, मेलबर्नला जेवणं उरकलेली, आणि मध्ये आम्ही. पडद्याच्या एका चौकोनात भाऊजी, दुसऱ्यात नीलिमा. काकांनी खुर्ची ओढली आणि दोघांना सगळा विषय पुन्हा पहिल्यापासून समजावला.

“सोपं आहे,” भाऊजी म्हणाले. “बाई, तू इकडची घे. आमचं अंतर जास्त, एका खेपेतच भरपूर पॉइंट मिळतात.”

“म्हणजे दर वर्षी तुझ्याकडेच?” नीलिमा उसळली. “आणि माझी पोरं? ती आजीला फोटोत पाहतील?”

“तुझ्याकडे आत्ताच तर राहून आली.”

“आणि तुझ्याकडे बर्फात नेऊन काय करणार तिचं? आमच्याकडे निदान अंगणात बसता तरी येतं.”

“नीलू, नोव्हेंबरपासून केतकीची नवी नोकरी आहे. मुलांना शाळेतून आल्यावर कोणीतरी घरात हवं.”

“असं सांग ना मग सरळ!”

बाई दोघांच्या मध्ये बघत होत्या. पडद्यावर कोणाच्याही डोळ्यांत बघता येत नाही, त्यामुळे त्यांची नजर मधल्या रेषेवरच होती. मैल राहिले बाजूला. आपण काय विचारून राहिलो आहोत ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. एक खातं निवडायचं म्हणजे एक लेकरू निवडायचं. आणि कोणीही निवडा बाप्पा, मी मनात म्हणत होते, पूर्व निवडा, पश्चिम निवडा, फक्त जा.

“बाई, तूच सांग,” भाऊजी म्हणाले. “तुला इथं बरं वाटतं की नाही? एवढी गार हवा, शांत घर. रात्रभर ढाराढूर झोपते इथं ती. एकदाही उठत नाही. वैजयंती, तूच तिला तिकडे नसत्या सवयी लावून ठेवल्या आहेस.”

मला असा संताप आला! तिकडे रात्रभर झोप आणि इकडे तीन तीन हाका! म्हणजे मीच काय ती हुकमी मिळाले होते. मी उत्तर जुळवत होते. काका मध्येच म्हणाले, “तुम्हाला कुठं जायचंय का हो, वैजयंतीबाई? तुमचंही खातं काढून टाकू.”

“मला?” मी म्हटलं. “मला पोर्ट ब्लेअरला जायचंय. बहीण आहे माझी तिथं, मृदुला. तिचे यजमान बंदर खात्यात आहेत. कधीची बोलावतेय. समुद्र नाही बघायचा मला. तिच्या ओसरीवर जाऊन झोपायचंय.”

सगळे हसले. मग पुन्हा पॉइंट सुरू झाले. कोणती कंपनी कोणाच्या गटात, कोणाचे मैल कोणाकडे चालतात, मुदत कशी वाढवायची. काकांचा आवाज एकसुरी होता, पंखा फिरत होता, आणि पुढचं मला आठवत नाही.

मी जागी झाले ती हसण्याच्या आवाजानं. माझा गाल टेबलावर, तोंड थोडं उघडं, आणि कॅमेरा नेमका माझ्याकडे. दोन खंडांवरची माणसं मला झोपताना बघत होती. “वहिनी गेल्या बघ!” नीलिमा म्हणत होती. “अगं फोटो काढ कोणीतरी,” असं भाऊजी म्हणाले, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत बाईंनी हात लांब करून लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं.

“अहो, बंद काहून केलं?” काका म्हणाले.

“आवाज होऊन राहिला,” बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “जाय, पड जराशी.”

“पडायला वेळ कुठं आहे बाई? कणीक मळायची आहे.” माझ्या आवाजाला धार आली होती. गालावर टेबलक्लॉथची नक्षी उमटली असणार, आणि तशी मी काकांसमोर उभी होते. मला सगळ्यांचाच राग आला होता. त्या रागातच मी माझा शेवटचा पत्ता टाकला. “आणि हे बघा बाई, खातं कोणतंही काढा. पण एकदा काढलं आणि गेल्याच नाहीत, तर पॉइंट वाया जातील. काका म्हणाले ना, तीन वर्षांत वापरायचे.”

वाया हा शब्द मी मुद्दाम वापरला. त्यांना तो कुठं लागतो ते मला पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “वाया तं जाऊ द्यायचे नाहीत,” त्या म्हणाल्या. मग टेबलाला धरून उठल्या. “चांदूरकर, जरा बाहेर चला. मले काही समजून घ्यायचंय. इथं हिला कणीक मळायची आहे.”

दोघं व्हरांड्यात बराच वेळ बोलत होते. मला आवाज येत होता, शब्द येत नव्हते. एकदा काका मोठ्यानं म्हणाले, “अहो पण बाई, यात तुमचा काय फायदा?” मग पुन्हा कुजबुज. मला वाटलं, पूर्व-पश्चिम चाललंय अजून.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बाई जेवायच्या थांबल्या होत्या. पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाल्या, “राजूले सांग, मी येते. दिवाळी झाली की.”

“आणि खातं कोणतं काढलं?”

“काढलं एक. चांदूरकर पाहून राहिले ते. तुले काय करायचंय?”

मी हो म्हटलं, हात धुतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन फरशीवर बसले. हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. माझा पत्ता चालला होता.

तयारीचे दिवस नेहमीसारखेच गेले. इन्सुलिनची पेनं, डॉक्टरांची चिठ्ठी, गरम मोजे, मेतकूट, सांडगे. एक नवीन गोष्ट मात्र झाली. मेलबर्नच्या खेपेचे बोर्डिंग पास आहेत का, असं विचारत काका आले. ते असतील असं कोणाला वाटणार? बाई आत गेल्या आणि शिवणाचा डबा घेऊन आल्या. त्या जाड कागदाच्या तुकड्यांवर त्यांनी रिळातून सुटलेला दोरा गुंडाळून ठेवला होता, पांढरा एकावर, काळा दुसऱ्यावर.

“टाकवत नाही ना असा चांगला कागद,” बाई ओशाळून म्हणाल्या.

“टाकू नकाच!” काकांना आनंदानं काय करू आणि काय नको झालं. “वर्ष झालं नसलं तर मागचेही मैल मागता येतात. बाई, तुम्ही म्हणजे सोनं आहात!”

बाईंनी दोरा उलगडून बोटांवर घेतला आणि पास काकांच्या हवाली केले. मला हे सगळं गमतीचं वाटलं. म्हातारपणी एक छंद लागला, बरं झालं, असंही वाटलं.

विमानतळावर चाकांच्या खुर्चीत बसल्यावर त्या फार लहान दिसायच्या. अंगात भाऊजींनी धाडलेला निळा कोट, खाली नऊवारी, पायांत मोजे. ढकलणारा मुलगा निघणार तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

“झोपत जा वं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही स्वतःला जपा. पोचल्या की फोन.”

“हाव. पण झोपत जा.”

त्या गेल्या आणि मी झोपले. त्या झोपेचं वर्णन काय करावं! शाळा आणि शिकवण्या सोडल्या तर मी पडलेलीच असे. नरेश दौऱ्यावरून आला की म्हणे, “अगं जेवली तरी का?” हळूहळू डोळ्यांखालची काळी वर्तुळं ओसरली, चिडचिड कमी झाली, वर्गात फळ्यावर बेरजा चुकायच्या थांबल्या.

रविवारी सकाळी फोन ठरलेला. त्याचीही एक जुनी गंमत होती. बाई परदेशातून बोलायला लागल्या की त्यांचा पहिला प्रश्न नेहमी एकच असे. तब्येत नाही, हवापाणी नाही. “झोप झाली का वं?” इतक्या खेपा झाल्या तरी बाईंना वेळेचं गणित जमलं नाही, म्हणून आम्ही हसायचो. नरेश त्यांना चिडवायचा, “बाई, तिकडे रात्र आहे, इकडे सकाळ. सकाळी झोप झालेलीच असते माणसाची!” त्यावर त्या नुसत्या “बरं बरं” म्हणत आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारत. यावेळीही तसंच चाललं होतं. टोरांटोत बर्फ पडू लागला होता. सगळं छान आहे म्हणत होत्या. नातवंडं गुणी आहेत, घर ऊबदार आहे, केतकी जिवाला जपते.

डिसेंबरात एका दुपारी चांदूरकर काका आले. हातात एक छापील कागद.

“घ्या,” ते म्हणाले. “नाताळच्या सुट्टीचं जमवलंय. शाळेला विचारायचंही काम नाही.”

मी वाचलं. नागपूर, कोलकाता, पोर्ट ब्लेअर. आणि परत. प्रवाशाचं नाव वैजयंती नरेश गिरडकर.

“हे काय?”

“तिकीट. बाईंच्या मैलांवर.”

“पण बाईंचे मैल टोरांटोच्या कंपनीत ना?”

“कसलं टोरांटो आणि कसलं मेलबर्न!” काका खुर्चीत बसले. “तिकीट निघेपर्यंत बोलू नका असं त्यांनी बजावलं होतं, आता हरकत नाही. त्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी मला काय विचारलं, सांगू? म्हणाल्या, मी विमानात बसायचं आणि तिकीट दुसऱ्याला मिळायचं, असं होते का? मी म्हटलं, होते. म्हणाल्या, मग पोर्ट ब्लेअरले कोणती कंपनी जाते ते पाहा.”

मी कागदावरचं नाव पुन्हा वाचलं.

“मी सांगितलं त्यांना, बाई, ही आपल्या देशातली कंपनी. परदेशी भागीदारांचे मैल यात जमा होतात, पण तुमच्या परदेशच्या तिकिटाला ते कधी पुरायचे नाहीत. यात तुमचा काय फायदा? तर म्हणाल्या, मले नाही जायचं कुठं. मग मी हिशेब केला, मेलबर्नचे मागचे मैल मिळाले असते तरी थोडे कमी पडत होते. एक लांबची खेप आणखी पाहिजे होती. म्हणून टोरांटो.”

“नोव्हेंबरात?”

“मीही तेच म्हणालो. बाई, तिकडे बर्फ. तर म्हणाल्या, एका खेपेत दोन कामं होतात. तिचं तिकीटही निघते आणि मी गेली की ती झोपते. दर वेळी त्यासाठीच तं जाते मी.”

पंखा बंद होता, तरी मला अंगावर वारा आल्यासारखं झालं. दर वेळी. चारही वेळा. आणि आता ही पाचवी. मला पत्ते खेळता येतात असं मी समजत होते, आणि समोरच्या बाईनं माझे सगळे पत्ते पहिल्या डावापासून पाहिलेले होते.

“तिकडे त्यांना बरं असतं,” मी म्हटलं. मला काहीतरी धरायला हवं होतं. “भाऊजी सांगतात ना, रात्रभर झोपतात. एकदाही उठत नाहीत.”

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले.

“तेही मी विचारलं होतं. म्हटलं बाई, रात्रीचं काय करता तिकडे? म्हणाल्या, दिवस मावळला की पाणीच नाही पीत मी. घसा सुकते, पण उठा लागत नाही. कोणाले उठवू तिथं? लाज वाटते. इथं वैजू आहे. इथं नाही वाटत.”

मला आधी राग आला. साखरेच्या पेशंटनं पाणी न पिता राहायचं म्हणजे काय? चाळीस वेळा डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मला विचारायचं नाही, सांगायचं नाही, परस्पर ठरवून मोकळं व्हायचं! त्या रागाच्या मागून बाकीचं सगळं आलं, आणि काकांसमोरच मी पदरानं तोंड झाकून घेतलं. त्या हाकांचा मला इतकी वर्षं किती त्रास झाला होता. पोटच्या पोरांच्या घरी ज्या बाईला हाक मारवत नव्हती, ती मला हाक मारत होती.

“रद्द करा हे,” मी म्हटलं. “मी नाही जात. त्यांना आधी परत बोलावते.”

“रद्द केलं तर पॉइंट वाया जातील,” काका म्हणाले. ते हसत नव्हते. “बाईंना चालेल का ते?”

नाही चालणार, हे मला ठाऊक होतं.

तेव्हा मी गेले. मृदुला विमानतळावर गळ्यात पडली आणि म्हणाली, “ताई, किती वाळलीस गं.” तिचं घर टेकडीवर होतं, ओसरीवरून खाली पाणी दिसायचं. तिनं खरंच ओसरीवर पलंग टाकून ठेवला होता. मी समुद्र पाहिला नाही असं नाही. पण बहुतेक वेळ मी झोपले. सकाळी ऊन अंगावर आलं की कूस बदलायची आणि पुन्हा झोपायची. मृदुला जेवायला उठवायची, वाढायची आणि काही विचारायची नाही. आधी वाटलं होतं, सगळं कळल्यावर झोप लागणारच नाही. पण झोप लागली. ती विकत आणलेली नव्हती, दिलेली होती, आणि दिलेलं टाकायचं नाही एवढं मी बाईंच्या घरात शिकले होते.

रविवार आला. सकाळी मृदुलाच्या फोनवर टोरांटोचा नंबर उमटला. भाऊजींनी लावून दिला असावा. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता, पोरं भांडत होती. मग बाईंचा घोगरा आवाज आला. घसा किती सुकलेला आहे, ते आता मला ऐकू येत होतं.

“वैजू? झोप झाली का वं?”

एरवी मी हसले असते. मी पलंगावर उठून बसले.

“झाली, बाई,” मी म्हटलं. “पोटभर झाली. अगदी पुरेपूर.”

मग त्यांनी आवाज खाली आणला, बाजूच्या कोणाला ऐकू जाऊ नये इतका खाली.

“मग येऊ का आता मी?”